चाकांवरचे घर आणि परिग्रहाचे माप

लेस्टर शहरातील ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे जैन मंदिर एका जुन्या चर्चच्या वास्तूत उभे आहे. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी अशा सर्वांना तेथे एकाच छताखाली स्थान आहे. या मंदिरात दर रविवारी दर्शनाला येणारे एक कुटुंब मूळचे सांगलीचे. वडिलांची सांगलीत हळदीची पेढी होती. मुलाने इंग्लंडात येऊन कापडाचा घाऊक व्यापार उभा केला. घरात तो व्यापारी, त्याची पत्नी, महाविद्यालयात शिकणारा मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी.

आजींना कंदमुळे वर्ज्य, पाणी गाळून उकळलेले लागते आणि सूर्यास्तानंतर मुखात काही जात नाही. त्यामुळे सहलीचा विषय निघाला, की कोणीतरी एक जण त्यांच्याजवळ घरी राहत असे. "तुम्ही जाऊन या, मी आहे की इथे," हे त्यांचे ठरलेले वाक्य. अखेर एका वर्षी कॅरॅव्हॅन घेण्याचे ठरले. मोटारीमागे जोडून न्यायचे हे घर. त्यात शेगडी, शय्या, स्नानगृह सारे असते. आपली चूल आपल्याबरोबर असली म्हणजे आजींचे व्रतही सांभाळले जाईल आणि आजीही बरोबर येतील, असा विचार त्यामागे होता.

चार जणांसाठी योग्य अशी कॅरॅव्हॅन निवडण्यास फार वेळ लागला नाही. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. विक्रेत्याने ऐच्छिक वस्तूंची लांबलचक यादी पुढे ठेवली. चामड्याची बैठक वाचताक्षणीच सर्वांनी खोडली. परंतु छतावरचे वातानुकूलन यंत्र, उपग्रह वाहिन्यांची तबकडी, मायक्रोवेव्ह, बाहेर उभारायचा तंबू, कॅरॅव्हॅन जागेवर सरकवणारा मोटर मूव्हर आणि उष्णतेच्या दोन प्रकारच्या यंत्रणा यांवर घरात आठवडाभर चर्चा चालली. काही वस्तू एकेकट्या न मिळता 'पॅक'मध्येच मिळत होत्या. एक हवी तर चार घ्या. व्यापारी हसून म्हणाला, "दुकानात आपणही हेच करतो. आज गिऱ्हाईक झालो तेव्हा कळले."

उष्णतेच्या यंत्रणेत मुख्यतः दोन पर्याय असतात. पहिली गरम हवेची. जर्मनीच्या ट्रुमा कंपनीची यंत्रे या प्रकारात पुष्कळ आढळतात. पंख्याने गरम हवा नळ्यांतून सर्वत्र सोडली जाते. कॅरॅव्हॅन लवकर ऊबदार होते, यंत्र हलके असते आणि किंमतही तुलनेने कमी. मात्र पंख्याचा आवाज येतो आणि हवा थांबली की गारठा पुन्हा जाणवतो. दुसरी गरम द्रवाची, स्वीडनच्या आल्डे कंपनीसारखी. तीत पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण तापवून भिंतींलगतच्या नळ्यांतून फिरवले जाते. ऊब यायला वेळ लागतो, पण आली की ती रात्रभर एकसारखी आणि निःशब्द राहते. ही यंत्रणा जड आणि महाग असते. तिच्यातील द्रव ठरावीक वर्षांनी बदलावाही लागतो.

दोन्ही यंत्रणा गॅसवर किंवा विजेवर चालतात. गॅस मात्र प्रोपेन हवा. कारण ब्युटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होईनाशी होते आणि ऐन थंडीत शेगडीही रुसते. विजेचाही हिशेब असतो. तळावर १० अँपिअरची जोडणी मिळाली, तर २३० व्होल्टला २,३०० वॅट एवढीच शक्ती हाती येते. त्यातील २,००० वॅट उष्णतेने घेतली, तर पाणी उकळायची किटली लावताच वीज तुटते. आजींच्या उकळलेल्या पाण्यासाठी किटलीऐवजी गॅसची शेगडीच वापरायची, असे सूनबाईंनी त्याच वेळी ठरवून टाकले.

सर्वांत कठीण हिशेब वजनाचा निघाला. त्या कॅरॅव्हॅनचे स्वतःचे वजन १,३५० किलो आणि भारासह कमाल मर्यादा १,५०० किलो. म्हणजे सारा संसार १५० किलोंत बसवायचा. नंतर बसवलेली प्रत्येक ऐच्छिक वस्तू याच १५० किलोंतून वजा होते, ही गोष्ट घेणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. व्यापाऱ्याने खतावणी काढली. अंथरूण, कपडे, भांडी, शिधा, पाण्याचे रिकामे पिंप, विजेची तार मिळून ८५ किलो. मूव्हर ३२. द्रवाच्या यंत्रणेचा जादा भार २८. वातानुकूलन यंत्र ३०, तंबू २४, तबकडी आणि मायक्रोवेव्ह मिळून २४. बेरीज २२३ झाली. ७३ किलो कमी करायचे होते.

सर्वप्रथम आजीच बोलल्या. "ती महागाची ऊब नको. मला दोन रग पुरेत." व्यापाऱ्याला क्षणभर बरे वाटले, पैसेही वाचत होते आणि भारही. पण सूनबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही कधी काही मागत नाही, म्हणून दर वेळी तुमचेच पहिल्यांदा खोडायचे का?" मग त्यांनी सर्वांना एक साधी गोष्ट समजावली. ऑक्टोबरअखेर घड्याळे मागे घेतली, की सूर्यास्त साडेचार-पावणेपाचला होतो. आजींचे जेवण त्याआधी आटोपते. त्यानंतर सकाळपर्यंत गरम दूध नाही, चहा नाही, पाण्याचा घोटही नाही. इतरांना थंडी वाजली तर ते चहा करून घेतील. आजींना उबेखेरीज दुसरा आधारच नाही. व्रत त्यांनी घेतले आहे; ते निभावण्याजोगे घर देणे हे बाकीच्यांचे काम आहे.

यानंतर खतावणीचे तीन रकाने झाले: गरज, सोय आणि हौस. द्रवाची यंत्रणा गरजेत गेली. व्यापाऱ्याची पाठ दुखते, म्हणून मूव्हरही गरजेत गेला. तंबू सोयीत गेला आणि वगळला गेला. वातानुकूलन, तबकडी आणि मायक्रोवेव्ह यांपुढे नातवानेच 'हौस' असे लिहिले. बेरीज १४५ झाली आणि पाच किलो शिल्लक राहिले.

पहिल्या प्रवासाच्या आदल्या दिवशी व्यापारी भरलेली कॅरॅव्हॅन सार्वजनिक वजनकाट्यावर घेऊन गेला. पेढीवर वाढलेला माणूस अंदाजावर विसंबत नाही. काट्याने १,५३८ किलो दाखवले. मर्यादेपेक्षा ३८ अधिक! घरी येऊन सारे सामान उतरवले. नातवाची व्यायामाची वजने निघाली, व्यापाऱ्याची लोखंडी अवजारांची पेटी निघाली, सूनबाईंचे घडीचे टेबल निघाले, आणि आजींच्या पलंगाखाली पितळी पातेल्यांचा संच आणि पिठाचा मोठा डबा. प्रत्येकाने 'एवढ्याने काय होते' म्हणून गुपचूप थोडे थोडे ठेवले होते. सगळेच हसले, पण व्यापारी गंभीर होता. अतिभाराची कॅरॅव्हॅन महामार्गावर डोलू लागली, की मागेपुढे असणाऱ्या प्रत्येकाचा जीव टांगणीला लागतो.

आजींनी स्वतःहून पातेली बाजूला काढली. म्हणाल्या, "समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह-परिमाणाचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत 'अतिभारवहन' आहे. मी ते बैलगाडीचे समजत होते."

तत्त्वार्थसूत्रात अतिभारारोपण हा अहिंसा-अणुव्रताचाही अतिचार मानला आहे. तेथे दृष्टीपुढे मुके जनावर होते. आज भार यंत्र ओढते, तरी लोभाने लादलेल्या ओझ्याचा त्रास अखेर कुणा जिवालाच होतो.

डर्बीशरच्या डोंगरातील तळावर पहिल्या रात्री दाराजवळ जमिनीलगतच्या झरोक्यातून वारा येऊ लागला, तेव्हा आजी त्यात जुने पातळ कोंबू लागल्या. नातवाने त्यांचा हात धरला. "आजी, प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. गळला तर याच वाटेने बाहेर जातो. हा कधीच बुजवायचा नाही." कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे छोटे यंत्रही त्याने त्यांना दाखवले. आजींनी पातळ घडी करून उशाशी ठेवले. नळ्यांतून ऊब हळूहळू पसरत होती. सूर्यास्त होऊन दोन तास उलटले होते. आजी सामायिकाला बसल्या. आणि अनेक वर्षांनी त्या घरातले कोणीही सहलीसाठी मागे राहिले नव्हते.

परिमाण म्हणजे सरसकट सारे कमी करणे नव्हे. काटछाट हौसेतून सुरू व्हावी आणि जो मागत नाही त्याच्या गरजेपाशी थांबावी. मग त्या घराला चाके असोत वा नसोत.