खाली बंदूक

मे १९७८. गोव्याहून आम्ही सुट्टीला हैदराबादला, जामबागेत मावशीकडे गेलो होतो. विवेकवर्धिनीपासून घर जवळच. फुलबाजारातल्या मोगऱ्याचा वास सकाळी थेट माडीवर यायचा. त्या माडीवरच्या कपाटात काकांची दुनळी बंदूक होती.

तेरा वर्षांच्या पोराला आणखी काय हवं! एका दुपारी कपाट उघडं दिसलं. मी बंदूक उचलली, खांद्याला लावली आणि मावसभावावर रोखून "ठो!" केलं. तो हसत सुटला. दारात काका उभे होते.

ते ओरडले नाहीत. आधी हाताने नळ्यांचं तोंड जमिनीकडे वळवलं, मग बंदूक काढून घेतली.

"काका, रिकामी आहे."

"तू पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. त्यांनी खटका सरकवून बंदूक मधोमध उघडली, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दाखवला आणि म्हणाले, "बंदूक खाली असली, तरी नळी खाली!"

मला काही उमजेना. मग मावशीने सांगितलं, इथल्या मराठीत 'खाली' म्हणजे रिकामीसुद्धा. आम्ही गोंयकार खूप हसलो. काका हसले नाहीत.

रात्री गच्चीवर त्यांनी कारण सांगितलं. तरुणपणी ते आदिलाबादच्या जंगलात शिकारीला जात. एकदा संधिप्रकाशात झुडूप हललं आणि त्यांनी बार टाकला. झुडपामागे जनावर नव्हतं. न सांगता जागा सोडून आलेला सोबती होता! छर्रे मांडीत घुसले. तो वाचला, पण कायमचा लंगडा झाला. दर दिवाळीला तो घरी यायचा. "जिन्यात त्याचा पाय वाजला, की मला तो बार ऐकू येतो," काका म्हणाले.

मग एकेक नियम सांगितला. जनावर पुरतं दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. आवाजावर तर कधीच नाही. कुंपण ओलांडताना काडतुसं काढायची. ठरलेली जागा सोडायची नाही. दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लागलं. चूक माझी एकट्याची नव्हती, हे त्यांनी न बोलता कबूल केलं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा तो जमाना सरला. चोरटी शिकार मात्र थांबली नाही. २०२५ च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच माणसाला डुक्कर समजून गोळी घातली. तो गेला, आणि भीतीपोटी त्याचं प्रेत जंगलातच लपवलं गेलं. बातमी वाचली आणि जामबागेतला तो जिना आठवला.

आपल्याकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याच्या बंदुका अजून आहेत. तुमच्या घरात असेल, तर मंडळी, बंदूक एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवा. पोरं "रिकामी आहे" असंच म्हणतात. मीही म्हटलं होतं.