मोबाइल हाती घेण्याआधीची पाच मिनिटं

भंडाऱ्यात किशोरवयीन मुलांचं समुपदेशन करताना आईवडिलांची बहुधा एकच मागणी असते: पोराचा मोबाइल सोडवून द्या. मोहाडीकडची एक आई म्हणाली, "जेवत नाही, बोलत नाही, मोबाइल घेतला का अंगावर धावून येते जी." तिची काळजी खरी होती. पण मोबाइल काढून घेण्याआधी तो त्या मुलाची कोणती गरज भागवतो, हे शोधावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं आणि हे साधारण वर्षभर टिकणं, अशा त्याच्या कसोट्या आहेत. 'स्मार्टफोनचं व्यसन' असं वेगळं निदान त्यात नाही. त्यामुळे रील पाहणाऱ्या प्रत्येक मुलावर व्यसनी असा शिक्का मारू नये.

डॅनियल कार्डेफेल्ट-विंथर या संशोधकानं २०१४ मध्ये मांडलेला विचार मला रोजच्या कामात पटत आला आहे: आयुष्यात जे मिळत नाही किंवा सोसवत नाही, त्याची भरपाई माणूस इंटरनेटवर करतो. म्हणून मी मुलांना वही देतो. त्यात मोबाइल किती वेळ पाहिला हे लिहायचं नसतं. हातात घेण्याआधीच्या पाच मिनिटांत काय घडलं, ते लिहायचं.

अकरावीतल्या एका मुलाची वही आठवते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वडील कामासाठी नागपूरला, आई रोवणीच्या हंगामात दिवसभर धानाच्या बांधीत. वहीत होतं: 'वर्गात इंग्रजी वाचता आलं नाही, सगळे हसले.' 'बाबांचा फोन आला, फक्त मार्क विचारले.' 'घरी कोणी नव्हतं.' प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द, 'गेम'. वर्गात खाली मान घालणारा हा मुलगा खेळात चौघांच्या टोळीचा म्होरक्या होता. तिथे त्याचा शब्द चालत होता. मोबाइल हिसकावला, की त्याची ही एकमेव पतही जात होती. अंगावर धावून जाण्यामागे ही भीती होती.

या वयात भावना उसळवणारी मेंदूची यंत्रणा जोरात असते. तिला आवर घालणारा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. त्यात पुढची रील कशी निघेल, याचा नेम नसतो. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसलं, की सवय अधिक चिवट होते, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून फार पूर्वीच दिसलं आहे. दुखावलेलं मन आणि असं यंत्र एकत्र आलं, की 'मनाचा निग्रह कर' हा उपदेश तोकडा पडतो.

मुलींची गोष्ट वेगळी. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचं 'असर' या शिक्षणविषयक अहवालासाठी २०२३ मध्ये सर्वेक्षण झालं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं. मुलगी भावाचा किंवा आईचा फोन लपून घेते. त्यावर कुणी त्रास दिला, तरी 'फोनच बंद होईल, शाळाही सुटेल' या धास्तीनं ती बोलत नाही. रागावण्याआधी तिला निर्धास्तपणे बोलता आलं पाहिजे.

मोबाइलवर काही गावांनीही उपाय शोधले. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं दुसरी वाट धरली: संध्याकाळी सातला भोंगा वाजला, की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मोठ्यांचेही. मला दुसरी वाट जवळची वाटते, कारण तिथे नियम सगळ्यांना सारखा आहे आणि घरातली माणसं एकमेकांच्या वाट्याला येतात.

मुलाला खेळाबाहेरही पत मिळायला हवी. भाऊबीजेनंतर आपल्याकडे मंडईच्या जत्रांचे दिवस येतात, रात्री झाडीपट्टीची नाटकं रंगतात. मुलांना नुसतं प्रेक्षकांत बसवू नका; मंडप, पडदे, दिवे अशी जबाबदारीची कामं द्या आणि चारचौघांत त्यांचं नाव घ्या. वडील परगावी असतील, तर फोनवर मार्कांआधी 'आज कसा गेला दिवस?' एवढं विचारा. झोप, शाळा, जेवण बिघडलं असेल किंवा मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर थांबू नका. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. मोबाइलचे तास नक्की ठरवा, पण मुलासोबत बसून ठरवा. आपलं ऐकून घेतलं जातं हे एकदा मुलाला पटलं, की ते तास पाळणं त्याला जमू लागतं.