पडकी देवळी, उभा डोंगर

काशी-रामेश्वर करून आलेल्या माणसालाही मार्कंडा ठाऊक असेलच असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगा उत्तरेकडे वळते, आणि त्या वळणावर नवव्या ते बाराव्या शतकांतल्या देवळांचा जणू मेळावाच भरला आहे. मूळची चोवीस देवळे होती, असे सांगतात. त्यांतली कित्येक आज उभी नाहीत. कुठे एखाद्या देवळीचे नुसते जोते, तर कुठे गवतात रुतलेला कोरीव चिरा. साक्षात यमाला परतवणाऱ्या मार्कंडेयाचे हे ठिकाण. पण त्याच्या थोरल्या देवळालाही वीज काही चुकली नाही! शिखराचा माथा सभामंडपावर कोसळला. पुढे एका गोंड राजाने जाडजूड खांब देऊन तो सावरला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ मधल्या दौऱ्यांच्या अहवालात या देवळांची नोंद करून ठेवली आहे.

चिरा पडला तरी चिराच राहतो. तो मोजता येतो, पुन्हा जागेवर बसवता येतो. हाच विचार मनात घोळवीत मी आष्टी, आलापल्ली करीत एटापल्लीपुढे सूरजागडकडे निघालो. आलापल्लीचा साग डोळे निववतो; पण समोरून येतात ते लाल धुळीने माखलेले ट्रकच ट्रक!

सूरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव नांदतो. दर जानेवारीत सत्तर गावांची माणसे जत्रेला जमतात. मार्कंड्यासारखे कोरीव काम इथे शोधू नये. इथे डोंगर हेच देवस्थान. आणि त्याच डोंगराच्या पोटात लोखंड! चांद्याच्या लोखंडाची मोहिनी तशी जुनीच. लोहाऱ्याच्या खनिजावरचा १८८२ चा अहवाल वाचूनच जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाचे बीज पडले. सूरजागडात २००७ साली सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला, आणि २०२१ पासून खोदकामाने जोर धरला.

खाणीमुळे तरुणांच्या हाताला काम मिळते, हे नाकारून चालणार नाही. आपल्या घरातले पोलादही कुठल्या तरी डोंगरातूनच आलेले असते. तरीही एक प्रश्न मला सोडीत नाही. मार्कंड्याची देवळी मातीखाली गेली, तरी ती त्या मातीतच आहे; कोणी खणले तर सापडेल. पण जिथे डोंगर हेच देऊळ, तिथला डोंगरच भट्टीत गेला, तर उद्याच्या संशोधकाने कुदळ मारायची कुठे?