पाण्यातली सर्कस

सोलापूरच्या माणसाने डॉल्फिनवर लिहावे, हे ऐकूनच कोणी हसेल. समुद्र आमच्यापासून कोसच्या कोस दूर. आमचे पाणी म्हणजे सिद्धेश्वरच्या तळ्यातले, नाहीतर चार दिवसांआड नळाला येईल ते. पण दुबईच्या भाच्याने यंदा सुट्टीचे आमंत्रण धाडले आणि सोबत तिथल्या डॉल्फिनच्या खेळाची चित्रफीत. निळ्या हौदातून एक तुकतुकीत अंग उसळते, चेंडूला नाक लावते, शिट्टी वाजते, तोंडात मासा पडतो. आमची नात टाळ्या पिटते, "आबा, बघा ना कसा हसतोय!"

तो हसत नसतो. त्याच्या जबड्याची ठेवणच तशी. भुकेला असो, आजारी असो, चेहरा तोच. हे कायमचे हसू त्या बिचाऱ्याला फार महाग पडले आहे. रडका चेहरा असता तर तिकिटे खपली असती का?

सर्कशीची गोडी मला ठाऊक आहे. संक्रांतीच्या गड्ड्यात तंबू पडला की सिंहाची डरकाळी रात्री आमच्या वाड्यापर्यंत ऐकू येई. आम्ही पोरे हरखून जात असू. आई भाकरी थापता थापता एवढेच म्हणे, "त्याला घरची आठवण येत असेल." शिवाय सर्कस म्हणजे मराठी माणसाच्या अभिमानाची गोष्ट! कुरुंदवाडकरांच्या पदरी असलेल्या विष्णुपंत छत्र्यांनी 1880 साली स्वतःची सर्कस उभी केली, ती पाहुण्या इटालियन सर्कसवाल्याला उत्तर म्हणून. त्यांच्या घोडेस्वारीला माझा आजही मुजरा. पण माणूस झुल्यावर स्वतःच्या मर्जीने चढतो. वाघ जळत्या कड्यातून आपखुशीने उडी मारत नाही. सरकारने 1998 साली अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले, आणि 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम केली. तंबू ओका वाटू लागला, हे खरे. आईचे म्हणणे मात्र सरकारदरबारी पोचले.

डॉल्फिनचा हौद आपल्या दारातही यायचा होता. चेन्नईजवळ 1998 साली परदेशातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले. तरी पुढे आपल्या सिंधुदुर्गात तसाच खेळ मांडण्याचे बेत झाले. अखेर मे 2013 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले, की असले प्रस्ताव मंजूर करू नका; हा प्राणी अतिशय बुद्धिमान आहे, त्याला मनोरंजनासाठी कोंडणे नीतीला धरून नाही. सरकारी कागदात 'नीती' हा विचार भेटला म्हणजे मला अजून थोडे चमकायला होते.

कोणी म्हणेल, पोरांनी मग पाहायचे कुठे? तारकर्लीला आम्ही नावेतून गेलो होतो. (नावांनी त्यांच्या मागे लागणे हेही काही भले नव्हे, म्हणून आमच्या नावाड्याने यंत्र बंद केले आणि आम्ही नुसते डुलत राहिलो.) तासाभराने दूरवर एक करडी पाठ वर आली, उच्छ्वासाचा फुत्कार ऐकू आला, पाठ बुडाली. मग आणखी दोन. एक शेपटी. बस्स. शेजारचे गृहस्थ कुरकुरले, "एवढ्यासाठी एवढे पैसे?"

नावाडी वल्हे सावरत म्हणाला, "साहेब, ते काय आमच्या नोकरीत आहेत?"

गृहस्थांनी डबा उघडला आणि मुकाट्याने शेंगदाण्याचे लाडू वाटले.