अब्बांची जावा

विद्यार्थी मित्रांनो, बाजारात जाऊन तुम्ही पुष्कळदा खरेदी केली असेल. दुकानदार किंमत सांगतो, आपण ती थोडी कमी करायला सांगतो आणि पैसे देऊन घरी येतो. पण घरातली एखादी वस्तू विकण्याची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? अशा वेळी किंमत आपल्याला सांगावी लागते. ती कशी सांगायची, हे मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी शिकलो. माझ्या वडिलांच्या जुन्या मोटारसायकलने मला ते शिकवले.

आमचे घर मालेगावात आहे. अब्बा यंत्रमाग दुरुस्त करीत. कुठे माग बंद पडला की निरोप येई आणि अब्बा हत्यारांची पिशवी घेऊन निघत. सुरुवातीला ते सायकलवर जात. १९७९ साली त्यांनी थोडे थोडे पैसे साठवून एक जुनी जावा विकत घेतली. ती १९६८ सालची होती. तेव्हा मी दोन वर्षांचा होतो.

तुमच्यापैकी अनेकांनी ही गाडी पाहिली नसेल. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९२९ साली प्राग शहरात यानेचेक नावाच्या कारखानदाराने जर्मनीच्या वांडरर कंपनीच्या गाडीवरून मोटारसायकल बनवायला सुरुवात केली. या दोन नावांची रोमन लिपीतील पहिली दोन दोन अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार झाले. पुढे १९६० नंतरच्या काळात ही गाडी आपल्या देशात म्हैसूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. १९७३ पासून तिथल्या गाड्यांना ‘येझ्दी’ हे नाव मिळाले. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला.

अब्बांच्या जावाची किक आणि गिअरचा दांडा एकच होता. किक मारून गाडी सुरू झाली, की तोच दांडा पुढे वळवायचा आणि त्याने गिअर बदलायचा. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे. अब्बा ते बाटलीने मोजून ओतत. गाडी सुरू झाली की मागच्या दोन सायलेन्सरमधून धूर निघे आणि गल्लीतली लहान मुले त्या धुराच्या मागे धावत. १९९३ च्या मार्च महिन्यात दहावीच्या प्रत्येक पेपरला अब्बांनी मला याच गाडीवरून परीक्षा केंद्रावर सोडले. वाटेत ते काही बोलत नसत. मी उतरलो की फक्त म्हणत, “घाई करू नकोस. प्रश्न नीट वाच.”

जानेवारी २०२२ मध्ये अब्बांचे निधन झाले. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. पावसाळा जवळ आला. चालवायला कोणी नव्हते आणि उभ्या गाडीला गंज चढतो. एके दिवशी अम्मी म्हणाली, “तिला अशी गंजताना बघवत नाही. ज्याला तिची कदर आहे, त्याला देऊन टाक.”

देऊन टाक, असे अम्मी सहज बोलून गेली. पण विचार करा, ती गाडी माझी होती का? ती अब्बांची होती. अब्बांच्या मागे त्यात अम्मीचा, आपाचा, धाकट्या बहिणीचा आणि माझा, अशा चौघांचा हिस्सा होता. मी ती दोस्ताला स्वस्तात दिली असती, तर बहिणींचे पैसे मी वाटले असते. आपाच्या मुलीला त्याच वर्षी नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि तिची फी भरायची होती. म्हणून योग्य किंमत काढणे हे माझे कर्तव्य होते.

किंमत, खरेदी, हिशेब, रक्कम, नफा, वसूल, बाकी हे शब्द पाहा. ते तुमच्या घरातल्या बोलीत आहेत आणि मराठी बाजारातही रोज बोलले जातात. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द मराठीने केव्हाच आपले केले आहेत. शब्द ओळखीचे होते, पण किंमत काढणे मला येत नव्हते.

पहिल्यांदा भंगारवाला आला. त्याने गाडी वजनावर मागितली. त्याच्या हिशेबाने पाच हजार रुपये होत होते. शेजारचा एक तरुण म्हणाला, “चाळीस हजार देतो, लगेच.” चहाच्या दुकानात कोणी म्हणाले, “अरे, अशा गाड्या दोन लाखांना जातात!” एकाच गाडीच्या तीन किमती! खरी कोणती?

मी अब्बांच्या ओळखीच्या एका वृद्ध मेकॅनिककडे गेलो. त्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणत. ते हसून म्हणाले, “बेटा, मागितलेली किंमत वेगळी आणि मिळालेली किंमत वेगळी. दोन लाख मागणारे पुष्कळ असतात. दोन लाख कोणाच्या हातात पडले, ते विचार.”

मी चौकशी केली. आमच्या भागात चांगल्या स्थितीतली, चालू आणि कागदपत्रे पूर्ण असलेली अशी जावा एक लाख तीस हजारांना विकली गेली होती. उस्तादांनी मला कागद आणि पेन घ्यायला सांगितले. आमच्या गाडीत काय कमी आहे, ते लिहायचे आणि तेवढे पैसे वजा करायचे. दोन्ही टायर-ट्यूब, सहा हजार. सीट आणि वायरिंग, आठ हजार. पेट्रोलची टाकी मूळची नव्हती, तिचे दहा हजार. मग उस्ताद थोडे थांबले आणि म्हणाले, “आणि इंजिनाखालची ती चीर. तिचे दहा हजार धर.”

मला चिरेबद्दल काहीच माहीत नव्हते. उस्तादांनी सांगितले, “१९९१ साली चेन तुटून इंजिनाच्या कवचावर आपटली आणि कवचाला चीर गेली. तुझ्या अब्बांनी माझ्याच दुकानात ते वेल्ड करून घेतले आणि कानसीने घासून साफ केले. खाली वाकून पाहिले तरी कोणाला दिसणार नाही.”

सगळे मिळून चौतीस हजार वजा झाले. उरले शहाण्णव हजार. हीच आमची किंमत ठरली.

आता कागदपत्रांकडे वळलो. मालक वारला, तर गाडी तशीच विकता येत नाही. आधी ती वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी तीन महिन्यांच्या आत परिवहन कार्यालयात ३१ क्रमांकाचा अर्ज द्यायचा असतो. आम्ही तो वेळेत दिला होता. अम्मी आणि दोन्ही बहिणींच्या संमतीने गाडी माझ्या नावावर झाली होती. विकताना २९ आणि ३० क्रमांकांचे अर्ज भरावे लागतात. गाडी देऊन टाकली आणि कागदावर नाव बदलले नाही, तर अपघाताची जबाबदारी जुन्या मालकावर येऊ शकते, हे लक्षात ठेवा. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद करता येते. मात्र तशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणूनच अशा गाड्यांचे शौकीन पहिला प्रश्न विचारतात, “सगळे मूळचे आहे का?”

दिवाळीच्या सुमारास नाशिकचे एक गृहस्थ गाडी पाहायला आले. वय साठीच्या पुढे. त्यांच्या वडिलांकडेही जावा होती. मी ताडपत्री काढली. ते बराच वेळ गाडीभोवती फिरले. म्हणाले, “टाकी येझ्दीची दिसते.” त्यांनी किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. आवाज ऐकताच अम्मी दारात येऊन उभी राहिली.

“भाऊ, इंजिन झकास आहे,” ते म्हणाले. “टाकी मी शोधीन. बाकी सगळे मूळचे असेल, तर मी एक लाख दहा हजार द्यायला तयार आहे. दुरुस्तीची काही नोंद आहे का?”

नोंद होती. अब्बांची निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. गाडीवर केलेले प्रत्येक काम, तारीख आणि खर्च त्यांनी त्या वहीत लिहून ठेवला होता. मी वही आणून दिली. त्यांनी ती उघडली आणि हसून माझ्याकडे परत दिली. “ही तर उर्दूत आहे. मला कुठे वाचता येते? तुम्हीच मराठीत वाचून दाखवा.”

मी वाचू लागलो. एक ओळ उर्दूत पाहायची आणि मराठीत सांगायची. १९८२, मागचा टायर बदलला. १९८४, टाकी गंजली, येझ्दीची बसवली. १९८७, स्टँडची स्प्रिंग तुटली, यंत्रमागाची स्प्रिंग लावली. हे ऐकून ते मोठ्याने हसले. वाकून त्यांनी ती स्प्रिंग पाहिली आणि म्हणाले, “ही मात्र मी बदलणार नाही!”

मी पान उलटले. १९९१ सालची नोंद समोर आली. अब्बांच्या स्वच्छ अक्षरात ती चीर लिहिलेली होती.

मित्रांनो, मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही. त्या क्षणी मी थांबलो. ती एक ओळ गाळली असती, तर समोरच्या माणसाला कधीच कळले नसते. वही उर्दूत होती, चीर डोळ्यांना दिसत नव्हती आणि आमच्या ठरवलेल्या किमतीपेक्षा चौदा हजार जास्त मिळत होते. आपाच्या मुलीची फी माझ्या डोळ्यांसमोर होती. मी मनात म्हणालो, एवढी वर्षे काही झाले नाही, पुढेही होणार नाही.

मग माझे लक्ष पुन्हा त्या अक्षराकडे गेले. अब्बांनी हे कोणासाठी लिहिले होते? ही वही कोणी मागेल, असे त्यांना स्वप्नातही वाटले नसेल. तरीही त्यांनी आपल्या गाडीचा दोष लपवला नव्हता. आणि समोरच्या माणसाने तर माझ्या जिभेवर विश्वास ठेवला होता. त्याला न येणारी भाषा मला येत होती, म्हणून त्याला फसवायचे?

मी ती ओळ वाचली, “१९९१, चेन तुटली. इंजिनाच्या कवचाला खालून चीर गेली. वेल्ड करून घेतली.”

त्यांचे हसू थांबले. ते जमिनीवर बसले आणि हाताने चाचपून पाहू लागले. मग म्हणाले, “मला विचार करावा लागेल.” चहा घेऊन ते निघून गेले.

आठ दिवस काही निरोप आला नाही. धाकटी बहीण थोडी चिडली. “त्यांनी विचारले असते तेव्हा सांगायचे होतेस,” ती म्हणाली. अम्मी मात्र शांत होती. “त्यांनी वही वाचायला सांगितली, तू वाचलीस. अर्धी वाचायची असती, तर ती त्यांना दाखवायचीच कशाला?”

नवव्या दिवशी ते परत आले. या वेळी त्यांच्याबरोबर नाशिकचा एक मेकॅनिक होता. त्याने सर्व पाहिले. शेवटी ते म्हणाले, “इंजिन पूर्ण उघडून पाहावे लागेल. मी अठ्ठ्याऐंशी हजार देऊ शकतो.” आमच्या हिशेबापेक्षा हे आठ हजार कमी होते. मी घरात जाऊन तिघींना विचारले. आपा म्हणाली, “ही गाडी नीट ठेवील असा माणूस पुन्हा मिळेल का? देऊन टाक.”

व्यवहार झाला. वारसाहक्काच्या आमच्या नियमाप्रमाणे अम्मीला आठवा हिस्सा, म्हणजे अकरा हजार मिळाले. उरलेल्या सत्त्याहत्तर हजारांचे चार वाटे केले. दोन वाटे माझे आणि एकेक वाटा दोन्ही बहिणींचा. प्रत्येकीला एकोणीस हजार दोनशे पन्नास रुपये मिळाले. आपाच्या मुलीच्या फीला ते पुरले नाहीत. उरलेली रक्कम मी माझ्या वाट्यातून भरली.

गाडी नेण्याच्या आधी त्या गृहस्थांनी वही मागितली. अब्बांचे अक्षर द्यायला मन तयार होईना. मी त्यांना म्हणालो, “मूळ वही घरी राहू द्या. मी तुम्हांला ती मराठीत लिहून देतो.” दोन रात्री बसून मी सगळी वही मराठीत उतरवली. शाळेत मराठीच्या तासाला भाषांतर करताना मला कंटाळा येई. ते कधी इतके उपयोगी पडेल, असे वाटले नव्हते. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत मी एकही ओळ सोडली नाही.

गाडी टेंपोत चढवली तेव्हा अम्मीने सीटवरून एकदा हात फिरवला. मी गाडीच्या किमतीत परीक्षेच्या त्या सकाळी धरल्या नव्हत्या. त्या विकत घेणाऱ्याच्या कामाच्या नव्हत्या, म्हणून त्यांचे पैसेही त्याच्याकडे मागता येत नव्हते. त्या आमच्याच घरी राहिल्या.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काही विकाल. कोणी सायकल विकेल, कोणी कापड, कोणी घर. किंमत सांगण्याआधी वस्तूची सगळी वही वाचून दाखवा. समोरच्याला ती भाषा येत नसेल, तर जास्तच सावकाश वाचा.