पुणे-पुलगाव, व्हाया जनरल डबा

आमच्या विंगमध्ये विदर्भातले आम्ही पाच जण. दिवाळी जवळ आली की मेसच्या टेबलावर एकच वाद : घरी विमानाने जायचं की रेल्वेने? माझा नागपूरचा रूम पार्टनर छातीठोकपणे सांगतो, "लोहगावला बसलो की दीड तासात नागपूर!" हॉस्टेल ते लोहगाव, तिथल्या रांगा, हे तो धरतच नाही. आणि माझं घर पुलगावला. म्हणजे विमान मला घराच्या शंभरेक किलोमीटर पुढे नेऊन सोडणार!

मागच्या वर्षी ऐन सबमिशनच्या आठवड्यात संध्याकाळी दादाचा फोन आला. "आबा सिरीयस आहेत, लगेच निघ." लॅपटॉपवर सकाळच्या विमानाचं भाडं पाहिलं. अर्ध्या तासाने पुन्हा पाहिलं तर वाढलेलं! पोरांनी पैसे गोळा करायला सुरुवात केली, पण महिनाअखेरीला कुणाच्या खिशात किती असणार? शेवटी रात्री पुणे स्टेशन गाठलं आणि जनरलचं तिकीट काढलं. ते रोजच्याच दराचं होतं. माझी अडचण पाहून त्याचा भाव वाढला नव्हता.

मनमाडपर्यंत दाराशी उभा होतो. मग एका काकूंनी लेकराला मांडीवर घेतलं, "बस रे पोरा." दुपारी पुलगावला उतरलो. आबांनी डोळे उघडले. "आला का? जेवला का?" पुढे दोनच दिवस होते ते.

ऑस्ट्रेलियात सिडनी-मेलबर्न हे अंतर पुणे-नागपूरपेक्षा थोडंच जास्त. रेल्वेला सुमारे अकरा तास, दिवसाला दोनच गाड्या. साहजिकच लोक विमान पकडतात. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पुणे-अजनी (नागपूर) वंदे भारत सुरू झाली. ८८१ किलोमीटर, बारा तास, म्हणजे सरासरी ताशी ७३ किलोमीटर. गाडी झकास आहे, मीही बसेन. पण ती पुलगावला थांबत नाही आणि तिला जनरलचा डबाही नाही.

विमानाशी स्पर्धा करायची तर रेल्वेने वेग वाढवायलाच हवा. उद्या आपल्यापैकीच कुणीतरी त्यावर काम करेल. मित्रांनो, तेव्हा एवढंच करा, तो जनरलचा डबा विसरू नका. संध्याकाळी फोन आला आणि रात्रीच निघावं लागलं, तर आपल्यासारख्यांना तोच घरी पोचवतो.