शिखरावरचें फुलपाखरूं



आपल्या शाळेचा निरोप घेऊन मला पुष्कळ वर्षें झालीं. नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतांना एका जुलै महिन्यांत न्यू हॅम्पशर प्रांतांतील माउंट वॉशिंग्टन हा १९१७ मीटर उंचीचा पर्वत पाहण्याचा योग आला. तेथील वारा मोठा दांडगा. १९३४ सालीं त्याचा वेग ताशीं ३७२ किलोमीटर भरला होता! अशा जागीं लव्हाळ्यासारख्या गवतांत मला एक करड्या-तपकिरी रंगाचें फुलपाखरूं दिसलें. वाऱ्याचा झोत आला कीं तें खडकाला बिलगून आडवें होई.

या फुलपाखराचे भाऊबंद उत्तरेस शेंकडों मैल दूर, लाब्राडोरच्या थंड प्रदेशांत राहतात. मधल्या सखल मुलखांत त्यांपैकीं एकहि आढळत नाहीं. मग हें येथें आलें कसें?

सुमारें २० हजार वर्षांपूर्वीं हें शिखरसुद्धां बर्फाखालीं गाडलेलें होतें. त्या काळीं या फुलपाखराचे पूर्वज बर्फाच्या दक्षिणेस नांदत होते. पुढें हवा उबदार होऊं लागली. बर्फ जसजसें मागें हटलें, तसतशीं थंडींतलीं गवतें आणि त्यांवर जगणारीं फुलपाखरें उत्तरेस सरकलीं. कांहीं मात्र जवळचा डोंगर चढलीं. खालीं अरण्य माजलें आणि परतीची वाट बंद झाली. एकाकी पडलेल्या या कुळांत पिढ्यान् पिढ्या बारीकसारीक भेद सांठत गेले व त्याची एक निराळी उपजातीच बनली. पर्वतांवर अडकून राहिलेल्या अशा जीवांचा हाच उलगडा डार्विननें आपल्या १८५९ सालच्या ग्रंथांत केला आहे.

तें फुलपाखरूं पाहतांना मला माझ्या आजीची आठवण झाली. धरणाचें पाणी चढूं लागलें तेव्हां आमचें घर दोन वेळां डोंगरावर हलवावें लागलें होतें. "वर जागा होती, म्हणून तगलों रे बाळा," असें ती नेहमीं म्हणे.

आज हवा पुन्हां तापत आहे, आणि या वेळीं तें मनुष्याच्या करणीनें. अरण्य आणखी वर चढलें तर हें गवत कोठें जाईल, आणि त्यावर पोसणारी अळी कोठें जाईल? शिखराच्या वर तर आकाशच आहे.

उतरतांना मीं गवतावर पाऊल पडूं दिलें नाहीं. दगडांवरूनच जपून खालीं आलों.